मारोतीमामा, तुमचं लायसन

मामा,

त्या दिवशी तुमच्या दारात ताडपत्री बांधली होती. बायामाणसांना उकाडा होऊ नये म्हणून शेजारच्यांनी दोन उभे पंखे आणून लावले होते, आणि त्यांची वायर खिडकीतून बाहेर काढून अंगणातून नेली होती. मध्ये एका ठिकाणी तारेला तार पिळून जोड दिलेला. वर चिकटपट्टी नाही, काही नाही. लोक त्याच्यावरून ये-जा करत होते, आणि तुम्हाला आंघोळ घालायला भरलेल्या हंड्यातलं पाणी ओघळत त्या जोडाकडं निघालं होतं.

मी बायांमध्ये बसले होते. रडत होते की नाही ते आठवत नाही. ते पाणी मात्र आठवतं, कारण मी त्याच्याकडंच बघत होते. शेवटी उठले, घरात गेले आणि मेन स्विच पाडला. पंखे थांबले. बाहेरून कुणी तरी म्हणालं, "लाईट गेली वाटतं." मी अंगणात उकिडवी बसून जोड सोडवला, नीट पीळ दिला, पर्समधली टेप काढून गुंडाळली आणि वायर भिंतीच्या कडेनं सरकवून दिली. तुमची बहीण म्हणाली, "हिला काई वाटतं का न्हाई? माणूस पडलंय अन् ही वायर जोडत बसली."

आतून गयामामी म्हणाल्या, "जोडू द्या तिला."

पंखे परत चालू झाले. पण मला काही पुन्हा खाली बसता आलं नाही. आज महिना होत आला, अजून बसता येत नाही. स्वयंपाक करताना मध्येच उठून बाहेर जाते. कामावर एका खोलीत वायर ओढत असते आणि दुसऱ्या खोलीत कशाला आले तेच विसरते. हे म्हणतात, एकदा काय ते बोलून मोकळी हो. कुणाशी बोलू? ज्याच्याशी बोलायचं राहिलं तो माणूस गुरुवारी सकाळी चहा पिऊन चपला घालायला वाकला आणि उठलाच नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

नात्यानं आपण एकमेकांचे कुणीच नव्हतो. परभणीत तुम्हाला सगळे मारोती मिस्त्री म्हणायचे, पेडगावचे, वायरिंगवाले. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते जिंतूर रोडच्या तीन मजली बांधकामावर. तेव्हा मी तिथं बिगारी होते. माझं माहेर चारठाण्याकडचं, मेंढरांमागं फिरणारं. दहावी झाले तसं लग्न झालं, मग चार हंगाम ऊसतोडीला गेले. मुलगी शाळेजोगी झाली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आता शहर सोडायचं नाही. हे सेंटरिंगच्या कामाला लागले आणि मी घमेलं उचलायला. तुम्ही भिंतीत पाइपासाठी खाचा मारायचे, खाली पडणारा चुरा मी भरून न्यायची. दोन महिने आपलं एवढंच नातं होतं.

दुपारी भाकरी खाऊन झाली की तुम्ही एक प्लायवूडची फळी भिंतीला टेकवायचे. पाडलेल्या घरांतून काढलेले दोन स्विच, एक होल्डर, एक सॉकेट आणि एक फ्यूज तुम्ही तिच्यावर बसवले होते. दोन प्लास्टरवाले, एक प्लंबर आणि वॉचमन, असे चौघं तुमच्यासमोर बसायचे. ज्याला शिकायचंय त्यानं यावं, द्यायचं काही नाही. मी चार हात लांब, माझी भाकरी घेऊन बसायची. मला वाटायचं, तुमचं माझ्याकडं लक्ष नाही.

एक दिवस तुम्ही त्या चौघांना विचारलं, "स्विच फेजवरच कामून टाकायचा? न्यूट्रलवर टाकला तरी बल्ब बंद व्हतोच की."

प्लंबर म्हणाला, "तसा नियम हाय म्हून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बल्ब बंद व्हईल, पण होल्डरात करंट तसाच राहील. बदलायला गेलेला माणूस चिकटंल."

तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, रागावलात.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच. मागच्या आठवड्यात. ह्यांना सांगत व्हते तवा."

"मंग तू त्या घमेल्यात काय करायलीस? ठिव ते खाली. इकडं ये, म्होरं बस."

मी पुढं बसले. त्या वर्षी माझ्यामागं आणखी दोघी आल्या, वॉचमनची बायको जना आणि आमच्या गल्लीतली रुबिना. बायांना वायरिंग शिकवता म्हणून लोक तुम्हाला हसायचे. तुम्ही म्हणायचे, "घरातला स्विच दिवसातून चाळीसदा दाबतं कोन? मंग आत काय हाय ते तिला नको कळायला?"

रद्दीतून आणलेलं एक पुस्तक तुमच्याकडं होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, तारतंत्री अभ्यासक्रमाचं. तुम्ही ते माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाच मोठ्यानं. मोठ्यानं वाचलेलं डोक्यात ऱ्हातं." मी वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचे, आणि मध्येच थांबवून म्हणायचे, "आता ह्याचा अर्थ सांगतो." पुस्तकात अर्धं पान असलेली गोष्ट तुम्ही दोन वाक्यांत सांगायचे, आणि ती पुस्तकापेक्षा सोपी असायची.

गंगाधरची गोष्ट मात्र तुम्ही एकदाच सांगितली. मी टेस्टर न लावता वायरीला हात घातला होता, मेन पाडलाय म्हणून. तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारला. मग बाजूला विटांवर बसलात आणि सांगितलं. तुम्ही पंचविशीत होता. एका जिनिंगमध्ये काम चालू होतं. मेन तुम्हीच पाडला आणि तुमच्या हाताखालच्या गंगाधरला म्हणालात, चढ. तो शिडीवर चढला. मागच्या बाजूला कुणी तरी जनरेटर चालू केला, त्याची लाईन त्याच वायरीत उलटी आली.

"मेन पाडला म्हंजी लाईन मेली असं नसतं, हे मला कुणी सांगितलं न्हवतं," तुम्ही म्हणालात. "मीच त्याला म्हनलो, चढ."

मी विचारलं, "म्हून तुमी फुकट शिकिवता का?"

"ह्याचे पैशे घेऊ का मी?"

एवढंच. परत त्यावर बोलणं झालं नाही. पण तेव्हापासून तुमच्या प्रत्येक धड्याचा आवाज मला वेगळा ऐकू यायला लागला. तुम्ही आम्हाला काम शिकवत नव्हता, आम्हाला जिवंत ठेवत होता.

आता भांडणांकडं येते, कारण झोपेतसुद्धा मी तुमच्याशी भांडते आहे.

पहिलं भांडण मोबाईलवरून. मला फोनवर वायरिंगचे व्हिडिओ सापडले. हिंदीत, सगळे फुकट. इन्व्हर्टर कसा जोडायचा, जिन्याच्या दिव्याला दोन स्विच कसे लावायचे, थ्री फेजची मोटर. मी कामाला येता-जाता बघायची. तुम्ही म्हणालात, "त्यात करंट चावतो का?" मी म्हणाले, चावत नाही म्हणूनच बरं, चुकून शिकता येतं. तुम्ही हात झटकून निघून गेलात. मग चार दिवसांनी माझ्याकडं येऊन अगदी गंभीरपणे म्हणालात, "त्यातला एक जन वायर दातानं सोलायलाय. आन् खाली हजार लोकांनी त्याला शाबासकी दिलीय." म्हणजे तुम्ही गुपचूप बघत होतात. मी हसले, तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, जिन्याच्या दिव्याचा तो व्हिडिओ परत लाव, त्यानं तारा कमी कशा लावल्या ते बघू. ते भांडण गोड होतं. तशी भांडणं आणखी शंभर झाली असती तरी चाललं असतं.

दुसरं भांडण केंद्रावरून. शहरात मोफत प्रशिक्षण केंद्र निघालं. बांधकामातल्या वायरिंगचं तीन महिन्यांचं शिक्षण, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. दहावी पास लागत होतं, ते माझं होतं. मी तुम्हाला आनंदानं सांगायला आले, तर तुमचा चेहरा उतरला.

"कागदानं हात तयार व्हत न्हाई," तुम्ही म्हणालात.

"हात तुमी तयार केला की. आता कागद मिळू द्या. म्होरं परवान्याची परीक्षा देता यील."

"परवाना घिऊन काय करनार?"

"सोताच्या नावानं काम घेईन."

तुम्ही पक्कड पिशवीत टाकली आणि म्हणालात, "जा बाई. तुला कोन आडवायलंय."

मला वाटलं, तुम्हाला हेवा वाटतोय. खरं सांगते, तसंच वाटलं. मी गेले. सकाळी केंद्र आणि दुपारनंतर तुमच्याबरोबर काम. तिथं मीटर होते, इन्सुलेशन तपासायचं यंत्र होतं, अर्थिंग मोजून दाखवायचे. तिथले सर चांगले होते. त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, "तुम्ही आधी कुठं शिकलात? हात बसलेला आहे." मी तुमचं नाव सांगितलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगायला काय झालं होतं मला? दुपारी रोज भेटत होतो.

आणि मग पेडगाव.

तुमच्याच गावातलं नवं घर, वायरिंग आपण दोघांनी केलेलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती, पाहुणे यायला लागले होते. आणि करंट गळाला की आपोआप पडणारा ब्रेकर, ईएलसीबी, सारखा पडत होता. वर केला की पाच मिनिटांत खाली. घरमालक मागं उभा. "मिस्त्री, उद्या दोनशे लोक जेवायला हाईत. हे काय चाललंय?" त्याचा मेहुणा म्हणाला, "काढून टाका की तो खटका. आमच्याकडं न्हाई, काई व्हत न्हाई."

तुम्ही थोडा वेळ बोर्डाकडं पाहत राहिलात. मग मेन पाडला, ब्रेकरच्या दोन्हीकडच्या तारा काढल्या आणि थेट एकमेकींना जोडल्या. "उद्याच्या दिसापुरतं," तुम्ही म्हणालात. "परवा येऊन बघतो."

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मी म्हणाले, "मामा, हे बरोबर न्हाई."

"मला माहीत हाय."

"मंग कामून करायलात?"

"तू गप ऱ्हा जरा."

तिथं दहा-बारा माणसं होती. मालक, मेहुणा, त्याच्या घरच्या बाया, मंडपवाला, तुमच्या भावकीतले दोघं. मला गप राहता आलं असतं. तुम्हाला हाताला धरून बाहेर नेता आलं असतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "तुमचं सोताचं लायसन कुठाय? लायसनवाला मानूस असता तर त्यानं हे केलं नसतं."

मला ते केंद्रात कळलं होतं. परवाना कसा मिळतो ते शिकवताना माझ्या ध्यानात आलं, की आपली सगळी कामं दुसऱ्याच एका ठेकेदाराच्या परवान्यावर होतात. तो सही करतो, काम तुम्ही करता. सगळ्या जिल्ह्यात असं चालतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मी ते लाज वाटेल असं बोलले.

मालक तुमच्याकडं वळला. "मिस्त्री, ही काय म्हनायली? लायसन न्हाई तुमचं?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात.

एकच शब्द. मग पुन्हा मेन पाडला, जोडलेल्या तारा सोडवल्या, ब्रेकर परत बसवला. माझ्याकडं न बघता म्हणालात, "चल. हुडकू."

आपण एकेका खोलीची लाईन तोडून बघितली. तुम्ही बोर्डापाशी, मी खोल्यांमधून सांगत. "सयपाकघर काढलं." "पडला." "म्होरची खोली काढली." "पडला." न्हाणीघर काढलं आणि ब्रेकर वर राहिला. न्हाणीत कुणीतरी आरसा टांगायला खिळा ठोकला होता, तो भिंतीच्या आतून गिझरच्या वायरीत घुसला होता. ओली भिंत, लोखंडी खिळा, त्याला अडकवलेला आरसा. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिथं पन्नास माणसांच्या आंघोळी होणार होत्या.

तुम्ही तो खिळा काढून तळहातावर घेतला, जरा वेळ बघितला आणि खिशात टाकला. वायर बदलली. सगळं चालू केलं, ब्रेकर वर राहिला. परभणीपर्यंत मी तुमच्या गाडीवर मागं बसून आले. मला वाटत होतं, मी बरोबर होते. मी बरोबरच होते मामा. म्हणूनच मला अजून बसता येत नाही. चूक असते तर माफी मागून मोकळी झाले असते.

मला अजून विचारायचं आहे, तुम्ही तो ब्रेकर कामून काढलात? ज्या माणसानं गंगाधरचं नाव घेऊन माझ्या मनगटावर फटका मारला, त्यानं? गावचा मालक होता म्हणून? थकला होतात? की पन्नाशी-साठी ओलांडली की प्रत्येकाचा एक दिवस असा येतो? मी सगळी उत्तरं तुमच्या वतीनं देऊन पाहिली. एकही पटत नाही. तुम्ही दिलेलं पटलं असतं, मग ते कसंही असो.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मी ते माझ्या तोंडानं कधी म्हटलं नाही, म्हणून म्हणते. खिळ्याची गोष्ट गावात कुणी सांगितली नाही. मिस्त्रीकडं लायसन नाही, ही गोष्ट पंधरा दिवसांत वालूरपर्यंत गेली. तिथलं शाळेच्या इमारतीचं ठरलेलं काम दुसऱ्याला दिलं. ज्याच्या नावावर आपण काम करायचो तो ठेकेदार घाबरला आणि म्हणाला, काही दिवस माझं नाव लावू नका. ज्या माणसानं अर्ध्या परभणीत तारा ओढल्या तो माणूस बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायला लागला. हे माझ्यामुळं झालं. तुम्ही कुणालाही, अगदी मामींनाही, माझं नाव घेऊन बोल लावला नाही. मी त्या रस्त्यानं जायचं बंद केलं.

अडीच महिने. तेवढ्यात माझं केंद्र संपलं, परीक्षा झाली, पास झाले. पेढे घेऊन निघाले आणि तुमच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरले. पेढे शेजारी वाटले.

मग केंद्रातल्या सरांनी सांगितलं, की जुन्या अनुभवी कारागिरांसाठी वेगळी परीक्षा आहे. शाळेची अट नाही, फी नाही. चार-पाच दिवसांचं शिबिर, हातानं काम करून दाखवायचं, थोडं लिहायचं, आणि प्रमाणपत्र मिळतं. मी तिथंच उभी राहून फॉर्म मागितला. तुमचं नाव, पत्ता, कामाची वर्षं, सगळं मी भरलं. फक्त फोटो आणि सही बाकी ठेवली. तो घेऊन तुमच्या घरी आले. आठवतं? तुम्ही ओट्यावर बसून एका पंख्याची कॉईल भरत होता. मान वर केली नाही. मामींनी चहा ठेवला.

मी फॉर्म समोर ठेवला. "मामा, ह्याला काई लागत न्हाई. तुमी नुसते उभे राहिलात तरी पास व्हताल."

तुम्ही कॉईलकडं बघत विचारलं, "ल्हावं लागतं का त्यात?"

"थोडं."

"थोडं म्हंजी किती?"

"एक पेपर असतो. सोपा."

तुम्ही तारेचा एक वेढा ओढून बसवलात. मग म्हणालात, "ठिव तिथं."

मी ठेवला. चहा प्याले. पेडगावचं बोलायलाच आले होते, तेच तोंडातून निघेना. तुम्ही विचारलंत, "पास झालीस म्हनं." मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं," आणि खाली बघून कॉईलचे वेढे मोजायला लागलात. मोजणी चुकू नये म्हणून मी उठले. तेच शेवटचं. मोजणी चुकली असती तर काय बिघडलं असतं?

दहाव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मामींनी मला आत बोलावलं. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, सातवी शिकलेल्या, हे मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. त्यांनी ते मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "त्येंला अक्षर लागत व्हतं गं, पन आख्खी वळ लागत न्हवती. एकेक अक्षर जोडता जोडता मागचं सुटायचं. दुसरीतूनच शाळा सुटली त्येंची. तू फारम देऊन गेलीस त्या दिवशीपासून रोज दुपारी माझ्याजवळ बसायचे. एक पान मी वाचायची, मंग तेच पान ते वाचायचे. अंगणवाडीतल्या लेकरावानी बोट ठिवून."

मी विचारलं, "कुठवर आले व्हते?"

मामींनी पान काढून दाखवलं. अर्थिंगचा धडा. समासात पेन्सिलनं तुम्ही तुमचंच नाव सहा-सात वेळा लिहिलं होतं, सहीसारखं.

म्हणजे "वाच मोठ्यानं" हे माझ्यासाठी नव्हतं, किंवा फक्त माझ्यासाठी नव्हतं. आणि केंद्राचं नाव काढलं तेव्हा चेहरा उतरला तो हेव्यानं नाही. मला पुढं जाताना बघून तुम्हाला तो पेपर दिसला असेल, जो तुम्ही कधी देऊ शकला नसता. चार वर्षं मी तुमच्या शेजारी बसून वाचत होते आणि मला हे कळलं नाही. फेज आणि न्यूट्रल टेस्टर न लावता ओळखू शकते अशी घमेंड होती मला.

मी मामींना पेडगावचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला माहीत हाय. त्येंनीच सांगितलं, त्याच दिवशी. म्हनले, पोरगी बरोबर बोलली. पन घरी येऊन बोलली आसती तर बरं झालं आसतं."

त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. माझं मन राखायला पुढचं वाक्य गाळलं नाही. मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन, पण ते वाक्य मला रोज सकाळी टोचतं.

दुसऱ्या दिवशी मी पेडगावला गेले. मालक अंगणातच होता. मी त्याला न्हाणीघराकडं नेलं, भिंत दाखवली आणि खिळ्याची गोष्ट सांगितली. तुम्ही त्या दिवशी ब्रेकर परत बसवून, दिवस मावळेपर्यंत हुडकून, ती वायर बदलली नसती तर काय झालं असतं तेही सांगितलं. तो म्हणाला, "आमाला कुणी बोललंच न्हाई." मी म्हणाले, "मामा बोलत नसतात. तुमी लायसनचं गावभर सांगितलं, आता हेबी सांगा." त्यानं मान हलवली. सांगेल की नाही माहीत नाही. न्हाणीतून त्याची सून बाहेर आली, कडेवर लहान लेकरू, केस ओले. तिनं विचारलं, "काय झालं?" मालकानंच तिला सांगायला सुरुवात केली. मी तिथून निघाले.

मागच्या सोमवारी मी परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायला गेले. सगळे रकाने भरून झाले. एका रकान्यात होतं: कोणत्या परवानाधारकाकडे काम केले, त्याचे नाव. मी तुमचं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खिडकीतल्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "ह्यांचा परवाना क्रमांक?"

"न्हाई."

"मग हे चालत नाही ताई. परवाना असलेल्याचं नाव पाहिजे. त्यांचा दाखला जोडा आणि परत या."

मी फॉर्म घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मग उठले, आवारात फेऱ्या मारल्या. परत बसले. ज्या ठेकेदारानं मला एक स्क्रू फिरवायला शिकवला नाही, त्याच्याकडून दाखला मिळणार होता. कागदावर ते खरंही आहे, कामं त्याच्याच नावावर झाली. मला तो फॉर्म फाडून टाकावासा वाटला. तुम्ही असता तर म्हणाला असता, कागदाला काय, भरून टाक. की म्हणाला नसता? हेही मला आता विचारता येत नाही.

बुधवारी मी दाखला आणला. नवा फॉर्म घेतला. तुमच्या नावाच्या जागी त्याचं नाव लिहिलं आणि खिडकीत दिलं.

तिथून सरळ तुमच्या घरी गेले. मामी तांदूळ निवडत होत्या. मी दारातूनच सांगितलं, "मामी, मी दुसऱ्याचं नाव लिव्हलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तीस वर्सं त्येंनीबी दुसऱ्याच्याच नावाखाली काम केलं. त्येंला तू सांगायला नको." आणि सूप परत पुढं ओढत, "पन तुझ्या हाताखाली कोन शिकलं, तर तिनं काय लिव्हायचं?"

परीक्षा दोन महिन्यांनी आहे. जना आणि रुबिना रविवारी येतात, रुबिनानं तिच्या नणंदेला आणलंय. जिंतूर रोडला एक नवं बांधकाम चालू आहे, तिथला मुकादम दुपारची एक खोली देतो. मी शिकवते, आणि वाचायला सगळ्यांना आळीपाळीनं लावते. ज्यांना ओळ लागत नाही त्यांच्याजवळ मामी बसतात.

मी पास होईन मामा. मग ह्यांच्यातली जी कुणी तो फॉर्म भरायला जाईल, तिनं त्या रकान्यात माझं नाव लिहावं, नंबरासकट. ते खरं असेल.

आणि पेडगावला जे बोलले, ते मी तुमच्या घरी येऊन बोलायला पाहिजे होतं.

तुमची,
उषा